भिंतीला गाद्या लावलेली खोली

नाशिक, १२ जानेवारी २०२५

नाथा,

वर आशीर्वाद लिहावा की नुसतं नाव, यात दोन कागद फाडले. तिसरा फाडणार नाही. मी तुझी ललिताआक्का. पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलंच असशील, एवढं वाकडं दुसऱ्या कोणाचं नसतं. चौथीत शाळा सुटली ती सुटली. वापीचा पत्ता आपल्या मनोजकडून घेतला. त्याला ओरडू नकोस, तो देत नव्हता, मीच त्याच्या डोक्यावर बसले. फोन तू उचलत नाहीस, माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून कागद. कागद बंद करता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

कामाचं सांगते. मी तुझं क्लारनेट ऐकलं.

आता नीट सांगते. तीन वर्षं झाली, मी कॉलेज रोडला एका सरांकडं पोळ्या करायला जाते. त्यांची बायको वारली, मुलगी परदेशात. घरात माणूस एक आणि रेकॉर्डी दोन हजार. काळ्या, मोठ्या, ताटाएवढ्या. मी गेले की ते एक लावतात. एक बाजू संपेपर्यंत माझ्या बारा पोळ्या होतात. बाजू उलटली की भाजी टाकायची. घड्याळ बघायला लागत नाही.

पहिल्या दिवशी साहेबलोकांचा बँड लावला. मी दहा मिनिटं वाट बघितली आणि विचारलं, "सर, ह्यात गाणं कधी सुरू होणार?"

म्हणाले, "ललिताबाई, गाणं नाहीच यात. हेच आहे."

मला राग आला. पण चार-पाच दिवसांनी माझी पोळी करपली. माझी पोळी करपत नाही, तुला माहीत आहे. सत्तर माणसं एकदम वाजवत होती आणि कोणी कोणाच्या पायावर पाय देत नव्हतं. आपल्या आण्णांच्या बँडमधे रावजीकाकांचा ढोल धरून सात जण होते, तरी वळण आलं की दोघं मागं राहायचे. तेव्हापासून मला चटकच लागली. सिनेमाची गाणी लावली तरी मी मधलं वाजवलेलं ऐकते. गाणारा तोंड उघडतो तेव्हा पीठ मळून घेते. सर हसतात. हसू देत.

परवा त्यांनी एका नाटकाची रेकॉर्ड लावली. त्यात स्टेजवर लग्नाची वरात येते आणि बँड वाजतो. थेट आपल्याकडची चाल. क्लारनेट वर चढायला लागलं आणि माझा हात थांबला. नी लागायला हवा तिथं तो लागला नाही. ध वरून एक बारीक झटका आणि थेट सा. वाटेतलं डबकं ओलांडल्यासारखं.

मी पिठाच्या हातानं बाहेर गेले. "परत लावा."

"का, काय झालं?"

"लावा म्हणते ना."

पाच वेळा लावायला लावलं. सरांना तो झटका तिसऱ्यांदा कळला, ते पण मी बोट उचललं तेव्हा. आण्णांच्या क्लारनेटची एक कळ मोडकी होती, तिला सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलेलं असायचं, हे मी सांगितलं. तो स्वर नीट निघत नसे म्हणून आण्णा त्याला वळसा घालून जायचे. तू त्याच वाज्यावर शिकलास. पुढं चांगलं क्लारनेट हातात आलं तरी तुझं बोट त्या जागेला भीतच होतं. असं वाजवणारी जगात दोनच माणसं. आण्णा सिन्नर, निफाड, विंचूर सोडून कुठं गेले नाहीत. मुंबईला गेलास तू.

म्हणजे तू खरं बोलला होतास.

आण्णांच्या दहाव्याचं मी कोणाशी बोलत नाही. आज लिहिते. तू दोन वर्षं घरी आला नव्हतास, अग्नी द्यायला पण पोचला नाहीस, दहाव्याला आलास. रावजीकाकांनी जेवणाच्या पंगतीत विचारलं, "काय रे, मुंबईत काय वाजवलंस?" तू म्हणालास, रेकॉर्डिंगला वाजवतो. भिंतीला गाद्या लावलेली खोली असते, काचेपलीकडून माणूस हात हलवतो, मग वाजवायचं. काका मांडी थोपटून हसले. मी म्हटलं, कुठल्या गाण्यात? तू त्या वर्षीच्या एका गाण्याचं नाव घेतलंस. माझ्याकडं ती कॅसेट होती. मी उठले, टेप आणला, गाणं लावलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "दाखव कुठं आहे तुझं क्लारनेट. ही बासरी आहे."

तू ताटावरून उठलास. सत्तावीस वर्षं झाली. आई गेली तेव्हा येऊन खांदा दिलास, पण माझ्याकडं बघितलं नाहीस.

चुकून दुसऱ्या गाण्याचं नाव घेतलं असशील. मी काय कोर्ट होते काय?

२३ फेब्रुवारीला मनोजच्या मुलीचं, तेजस्विनीचं लग्न आहे, सिन्नरला. दहाव्याला होती तीच माणसं जमणार, जिवंत आहेत तेवढी. त्यांच्यासमोर मी म्हणणार आहे, नाथा खरं बोलला होता, चुकले मी. मला असं म्हणताना कोणी कधी ऐकलेलं नाही. ते ऐकायला तरी ये.

ललिताआक्का


नाशिक, ३१ जानेवारी

नाथा,

तुझं कार्ड मिळालं. अडीच ओळी. "ते मी नाही. मी कधी कुठं रेकॉर्डिंगला वाजवलं नाही. परत लिहू नको."

लिहिणार.

मला शिकवतोस? माझा कान मला फसवत नाही. तू सात वर्षांचा असताना ओट्यावर बसून तेच तेच वाजवायचास आणि मी भांडी घासत घासत तुझ्या चुका मोजायचे. तो झटका मी झोपेत पण ओळखीन. माझ्यावर राग आहे तर तसं लिही. माझ्या तोंडातून माफी नको असेल तर नको घेऊ. पण स्वतःचं वाजवलेलं नाकारतोस? एवढा राग? मला माफ करायला लागू नये म्हणून आपलं चांगलं काम पण आपलं नाही म्हणायचं, हे धोंडीरामाच्याच पोराला सुचू शकतं. घराण्यात हट्ट आहे.

आता कामावर जाते. आल्यावर पुरं करते.

संध्याकाळ.

वरचं खोडत नाही. लिहिलं ते लिहिलं.

सकाळी रागातच सरांकडं गेले. म्हटलं, "ह्याच्यावर वाजवणाऱ्याचं नाव असेल ना? मला भाऊ खोटारडा म्हणतोय." सरांनी चष्मा वर केला, भिंग आणलं, रेकॉर्डचा पुठ्ठा फिरवून फिरवून बघितला. म्हणाले, "नाव नाही. पण ललिताबाई, तुमचे भाऊ आता किती वर्षांचे?"

"त्रेपन्न. का?"

"यावर साल आहे. एकोणीसशे एकोणऐंशी."

"नीट बघा."

"नीटच बघतोय."

मला इंग्रजी आकडे वाचता येतात रे. मी स्वतः भिंगातून बघितले. बारीक होते, कडेला होते, मी पहिल्या दिवशी बघायची तसदीच घेतली नव्हती. ऐकलं आणि धावत सुटले.

म्हणजे तू खोटंच बोलला होतास. म्हणजे मी बरोबर होते. सत्तावीस वर्षं बरोबर होते. बरोबर होऊन मला काय मिळालं ते मी आज सरांच्या मोरीत हात धुताना बघत होते. काही नाही.

आणि मग वाजवलं कोणी, हे तुला पण आता कळलं असेल.

मी खुर्चीवर बसले. तीन वर्षांत त्यांच्या घरात पहिल्यांदा बसले. सरांनी काही न विचारता परत लावलं. आण्णांचा एक फोटो आहे आपल्याकडं, ड्रेस घातलेला, टोपी वाकडी. आवाज नव्हता. खोकला नव्हता, शिवी नव्हती, काही नव्हतं. आता श्वास घेतलेला पण ऐकू येतो. चढायच्या आधी नाकातून घेतात बघ, तसा. आज पोळ्या झाल्या नाहीत. सर पाव खाऊन झोपले.

पण आण्णा मुंबईला कधी गेले? आई तर काही बोलली नाही. तुला काही म्हणाले होते का? एवढं एक सांग, मग नको लिहू हवं तर.

आक्का


नाशिक, १४ फेब्रुवारी

नाथा,

चार पानं! तू शाळेत पण एवढं लिहिलं नसशील. तृप्तीनं वाचून दाखवायला घेतलं, मी हिसकावून घेतलं. मुलगी झाली म्हणून काय झालं, भावाचं पत्र माझं आहे. दोन दिवस लागले वाचायला. काही ठिकाणी तुझं अक्षर माझ्याहून वाकडं आहे, बरं वाटलं.

तर आण्णांनी तुला सांगितलं होतं. एकट्याला. क्लारनेट पुसता पुसता. नाटकवाल्यांनी खरा बँड पाहिजे म्हणून चार दिवस मुंबईला नेलं, आणि घरी सांगितलं देवळालीला लग्नाची सुपारी आहे, कारण मुंबई म्हटलं की आई रडायची. ते चार दिवस मला आठवत पण नाहीत. आण्णा सुपारीला जायचेच, आम्ही त्यांचं येणं-जाणं कुठं मोजत होतो?

तू त्यांच्या बोलण्यासारखं लिहिलंयस ते वाचून मी एकटी हसले. "नवरदेव नाय, घोडा नाय, वरमाय नाय. भिंतीला गाद्या. काचेच्या पलीकडून एक शहाणा हात हलवतो, का आपण वाजवायचं. लय खुळी माणसं." असंच म्हणाले असतील. आपण वाजवलेलं कुठंतरी राहणार आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नसणार. त्यांच्या लेखी ती एक सुपारी. वरात नसलेली.

आणि तू मुंबईत परळला हॉटेलात कपबशा धुवत होतास. हे सांगायला तुला दीड पान लागलं. दीड पान कशाला? मी लोकांच्या घरी पोळ्या करते, मला अर्धी ओळ लागली. पण तेव्हा सव्वीस वर्षांचा होतास आणि काका विचारत होते, आणि बाप गेला होता. बापाच्या दहाव्याला बापाचीच गोष्ट तोंडात आली, नाव फक्त तू आपलं घातलंस. आधी मला याचा राग आला. मग आला नाही. राग येत नाही म्हणून परत थोडा आला. गाण्याचं नाव घ्यायला नको होतंस एवढंच. खोलीवरच थांबला असतास तर मी काय करणार होते?

आता माझी पंचाईत ऐक. लग्नात मी काय बोलू? नाथा खरं बोलला होता, असं म्हणू शकत नाही. मला खोटं बोलता येत नाही. येत असतं तर त्या दिवशीच बोलले असते आणि तू जेवून गेला असतास. खरं सांगायचं तर तुझी परत शोभा होते. म्हणून ठरवलंय, मी काहीच बोलणार नाही. तोंड बंद. मला गप्प बसायला किती त्रास होतो, ते बघायला तरी ये.

तू लिहिलंयस, येणार नाही, त्या माणसांसमोर उभं राहवत नाही, आक्का, तूच ती रेकॉर्ड मोबाइलवर भरून पाठव. तृप्तीनं भरून ठेवलंय, पण पाठवणार नाही. मोबाइलमधे ढोल डब्यासारखा वाजतो. आण्णांना डब्यातून ऐकायचं असेल तर ऐक, माझ्याकडून नाही. लग्नाला ये. दुसऱ्या दिवशी सरांकडं नेते. सरांना विचारलंय, ते म्हणाले, "अवश्य." मी विचारलं नसतं तरी आणलं असतं.

वापीहून पेठमार्गे बस आहे. घाटात उलटी होते तुला, लिंबू ठेव.

आक्का


नाशिक, ३ मार्च

चिरंजीव नाथा,

बघ, आज आशीर्वाद द्यायला हात अडला नाही. फोन चालू केलास ते बरं केलंस, पण मला फोनवर नीट बोलता येत नाही, मधे कोणीतरी बोलतं आणि मी तोडून टाकते. म्हणून हे.

मांडवातलं तुला माहीत आहे, तू तिथंच होतास. पण माझ्या बाजूनं कसं होतं ते तुला माहीत नाही. तू चपलांपाशी उभा होतास, आत येतोस की जातोस असा. मी हातात पाण्याचा जग घेतला, म्हणजे तोंड उघडलं तर निदान काहीतरी सांडेल. त्यात रावजीकाकांना तूच दिसावास! त्र्याऐंशी वय, ऐकू कमी येतं, पण दिसतं सगळं.

"कोण रे तो?"

"नाथा, काका," तू म्हणालास.

"कोण?"

"धोंडीरामचा नाथा!" मी ओरडले. गप्प बसायचं तिथंच संपलं माझं.

"हां! गाद्यांच्या खोलीवाला!"

सगळ्या पंगतीनं माना वळवल्या. वाटलं, आता हा परत ताटावरून उठणार, आणि या वेळी ताटावर बसलेला पण नाही. आणि तू काय केलंस? काकांच्या कानाशी गेलास आणि ओरडलास, "काका, तेव्हा मी खोटं बोललो! मी हॉटेलात कपबशा धुवत होतो!" डीजेवाल्याला गाणं बदलायला तीच वेळ सापडली. अख्ख्या सिन्नरनं ऐकलं. वरच्या स्टेजवर तेजस्विनीनं पण ऐकलं, मेंदीचा हात तोंडावर नेला पोरीनं.

आणि काका म्हणाले, "ते काय आम्हाला माहीत नव्हतं? त्या खोलीत मी होतो की! ढोल मग कोणाचा होता?"

तुझं तोंड बघायला पाहिजे होतं. माझं पण असेल तसंच.

मी म्हटलं, "मग तेव्हा हसलात कशाला?"

"आमचीच गोष्ट हे पोरगं आम्हालाच सांगायला लागलं, हसू नाय येणार? मी म्हणणार होतो, आरं येड्या, त्या खोलीत तुझा बाप होता. तेवढ्यात ह्या बयेनं टेप आणला."

काका बोलणारच होते. मी दोन घास थांबले असते तर. एवढंच लिहिते याबद्दल, जास्त लिहिलं तर तू मला समजवायला बसशील आणि ते मला सहन व्हायचं नाही. "सत्तावीस वर्षं सांगितलं का नाही?" म्हणून मी काकांवर डाफरले तर म्हणाले, "तुम्ही इचारलं का कधी? मला वाटलं तुम्ही पोरं जिमिनीवरनं बोलत नाय." मग तुला म्हणाले, "जेव आता." आणि तू जेवलास. बुंदी दोनदा घेतलीस, मी मोजली.

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरात मी तुझ्याकडं बघत नव्हते असं तुला वाटलं असेल. बघत होते. वरात सुरू झाली तेव्हा तुझी बोटं गुडघ्यावर आपोआप चालायला लागली, आणि त्या जागी आली तेव्हा तुझं बोट आण्णांच्या बरोबर उचललं. आधी नाही, नंतर नाही. एकोणऐंशी सालातला माणूस आणि तू, एकदम. मी उठून आत गेले, भाजी बघायला. भाजी टाकलेली नव्हती.

आपल्याबरोबर आलेले काका तेवढे नाराज होते. "ढोल लय मागं ठेवलाय. मी एवढा हळू वाजवत नाय." सर म्हणाले, माइक लांब असेल. काका म्हणाले, "मग जवळ आणायचा ना." सरांना असं बोलणारं माणूस बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं, लय खूश झाले.

तू दुपारच्या बसनं गेलास, त्यानंतरचं आता ऐक. काका दोन दिवस माझ्याकडं राहिले आणि दोन्ही दिवस मला म्हणाले, चल, ऐकायला. दुसऱ्या दिवशी सरांनी पुठ्ठा हातात घेतला. गाणाऱ्यांची नावं आहेत, पेटीवाल्याचं आहे, तबलजीचं आहे, आणि शेवटी लिहिलंय, "आणि साथीदार". बस. सर त्या पुठ्ठ्यांवर कोणाला बोट ठेवू देत नाहीत, मला सुद्धा हात पुसून ये म्हणतात. त्यांनी पेन्सिल काढली, आणि मला म्हणाले, "वडिलांचं नाव तुम्ही लिहा."

मी म्हटलं, "नाही लिहिणार. सात जण होते. बाकीचे काय हवा भरायला आले होते? लिहायचं तर सगळ्यांचं लिहा."

मग काका सांगत गेले आणि सर लिहीत गेले. धोंडीराम, क्लारनेट. रावजी, ढोल. मंगळू आणि त्याचा भाऊ, दोघं ट्रंपेट. असं करत सहा झाले. सातवा झांजवाला. काकांनी डोळे मिटले, टोपी काढली, घातली. नाव काही येईना. "विंचूरचा होता. आमचा माणूस आजारी पडला म्हणून ऐन वेळी घेतला. डोळ्यानं तिरळा." सर खरंच लिहायला लागले, "तिरळा". मी पेन्सिल धरली. म्हटलं, "तुमचं नाव कोणी असं लिहिलं तर चालेल का?" तर सरांनी लिहिलंय, "झांज, विंचूर", आणि पुढं जागा सोडली आहे.

तुझी पुढची सुट्टी कधी ते कळव. आपण दोघं विंचूरला जाऊ. कांद्याच्या बाजारात म्हातारी माणसं बसलेली असतात, कोणाला तरी तो ठाऊक असेल. विचारायचं काम तू कर. मी मागं उभी राहीन, आणि ते सांगेपर्यंत थांबेन.

तुझी,
आक्का